विचारायच्या आधी

१

आमच्या ऑफिसात जेवणं आटोपली की दिवे घालवतात. मालक असले तरी दिवे घालवायला लियाव साहेब स्वतः उठतात, कारण बटणं त्यांच्या टेबलामागे आहेत. मग कुणी टेबलावर उशी ठेवून तिच्यात तोंड खुपसतं, कुणी टेबलाखालची घडीची खाट ओढतं, आणि तासभर कुणी कुणाशी बोलत नाही. शाळेत असल्यापासून आम्ही सगळे असेच झोपत आलो. झोंगह उपनगरातल्या आमच्या इमारतीत त्या वेळी सगळ्याच मजल्यांवर हेच चाललेलं असतं, त्यामुळे लिफ्टचासुद्धा आवाज येत नाही.

मला मात्र दुपारी झोप येत नाही. शाळेतही यायची नाही. बाई फिरत आल्या की मी डोळे मिटून घ्यायचे, आणि त्या पुढे गेल्या की बाकीच्यांच्या झोपेचे आवाज ऐकत पडायचे. आता बाई नाहीत, म्हणून त्या तासात मी स्क्रीनचा उजेड कमी करून काम करते.

माझं काम चारचौघांत सांगण्यासारखं नाही. यूएसबीच्या तारेने एखादं यंत्र कॉम्प्युटरला जोडलं की दोघांची बोलणी करून देणारा एक प्रोग्रॅम लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो मी लिहिते. लग्नं जुळवणाऱ्या बाईसारखं आहे हे. सगळं नीट झालं तर आपली कुणी आठवण काढत नाही, आणि बिनसलं की पहिला फोन आपल्याला.

त्या उन्हाळ्यात आम्ही वृद्धाश्रमांसाठी बोटाला लावायचा चिमटा करत होतो. म्हातारी माणसं तो लावून झोपणार, त्यातला लाल दिवा बोटातून आरपार जाऊन नाडी बघणार, आणि ती खालच्या खोलीत नर्सच्या कॉम्प्युटरवर उमटणार. ड्रायव्हर माझा, चिमटा लो दादांचा. लो च्या-हो हे आमचे सर्किटवाले. साठीला आले होते. हा चिमटा एकदा बाजारात गेला की नोकरी सोडायची आणि यिलानला भावाच्या शेतात कांद्याची पात लावायची, हे त्यांनी वर्षभर सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं. चाचणीला जिवंत बोट लागतं, आणि तेही निवांत. लो दादा खाटेला पाठ टेकली की घोरायला लागतात, त्यामुळे बोट त्यांचंच.

या तारेचा एक नियम आहे. यंत्र आपणहून कधी बोलत नाही. कॉम्प्युटरने विचारायचं, मग यंत्राने सांगायचं. शाळेतल्या हजेरीसारखं, बाईंनी नाव घेतलं की ‘हजर’. नाव न घेता ‘हजर’ म्हणायची सोयच त्यात ठेवलेली नाही.

त्या दुपारी मी नोंदी चाळत होते आणि एका जागी थांबले. उत्तर वरच्या ओळीत होतं. त्याचा प्रश्न खालच्या ओळीत होता.

२

असल्या वेळी आमच्यातलं कुणी घाबरत नाही, वैतागतं. मीही वैतागले. प्रोग्रॅमचे दोन भाग एकाच ठिकाणी नोंदी करतात, तेव्हा कधी कधी मागून घडलेलं आधी लिहिलं जातं. दोघांनी एका वहीवर झडप घातली तर असं व्हायचंच. मी दोघांना रांगेत उभं केलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं. बऱ्याच ओळी सुधारल्या होत्या. काही तशाच होत्या.

जेवताना मी हे बोलून दाखवलं. लियाव साहेबांनी डब्यातलं अंडं तोंडाशी नेता नेता विचारलं, “फेन ताई, पुडी बघितली का?”

आमच्याकडे प्रत्येक मशीनवर मक्याच्या कुरकुऱ्यांची एक पुडी ठेवतात. तिच्या नावाचा अर्थ ‘शहाण्यासारखं वाग’ असा होतो, म्हणून. हिरवीच लागते, पिवळी चालत नाही, आणि तारीख उलटलेली तर अजिबात नाही.

“पुडीचा काय संबंध, साहेब?”

“संबंध नाही हे मलाही कळतं. पण तारीख बघितली का?”

“तारखेला अवकाश आहे,” लो दादा म्हणाले. “मी सकाळीच बघितली.”

“तुम्हीसुद्धा?”

“अगं, तू जाऊन बघणार आणि तोंड वाकडं करत परत येणार, त्यापेक्षा मीच बघून आलो. तुझ्यासाठी बघितली म्हण.”

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. पण हेही सांगते की माझ्या मशीनवरची पुडी मी दर खेपेला वेळेत बदलते.

मग मी घड्याळं तपासली. कॉम्प्युटरचं एक घड्याळ असतं, चिमट्याचं वेगळं असतं, दोघांत फरक पडू शकतो. म्हणून चिमट्याच्या घड्याळाकडे बघणंच बंद केलं. तारेच्या मधोमध बसवायची एक छोटी पेटी आमच्याकडे आहे. नाक्यावरच्या पोलिसासारखी ती जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाची वेळ टिपते, स्वतःच्या एकाच घड्याळाने. तिला दोन्ही बाजूंशी काही देणंघेणं नसतं, म्हणून माझा तिच्यावर माणसांपेक्षा जास्त भरवसा आहे.

दुपारी दिवे गेल्यावर पेटी लावली. फ्रीजचा घरघराट, कुणाच्या तरी नाकातली शीळ, आणि माझ्या उजवीकडे लो दादांचं घोरणं. पेटीवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

पेटीनेही तेच सांगितलं. आधी उत्तर गेलं होतं, मग प्रश्न आला होता.

३

रात्रभर विचार केला आणि सकाळी दात घासताना मला ते सापडलं. इतकं सोपं होतं की मी आरशात स्वतःलाच हसले.

उत्तर लवकर येत नव्हतं, उशिरा येत होतं. हजेरी चालू आहे, एक पोर पेंगतंय. त्याचं नाव घेऊन झालं, बाई पुढच्या नावाकडे वळल्या, आणि आता ते जागं होऊन ‘हजर’ म्हणतं. बाईंना वाटतं, पुढच्याने नाव घ्यायच्या आधीच ओ दिली. म्हणजे हे उत्तर मागच्या प्रश्नाचं होतं आणि मी ते पुढच्याला चिकटवत होते. आमच्या धंद्यात ही चूक रोजची आहे.

तिच्यावर उपायही ठरलेला. प्रत्येक प्रश्नाला क्रमांक द्यायचा आणि उत्तरात तोच क्रमांक परत मागायचा. म्हणजे कोण कुणाला ओ देतंय हे कळतं. लो दादांनी चिमट्याकडच्या बाजूला तेवढा बदल करून दिला. “आता कळेल तुला, माझं पोर पेंगतंय की तुझ्या बाई बहिऱ्या आहेत,” असं म्हणत त्यांनी चिमटा बोटाला लावला आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

मी बघत बसले. क्रमांक येत होते, उत्तरं येत होती. बराच वेळ सगळं सरळ चाललं आणि मला बरं वाटायला लागलं. मग एक उत्तर आलं आणि त्यावर जो क्रमांक होता, तो मी अजून कुणाला दिलेलाच नव्हता. क्षणभराने माझ्या ड्रायव्हरने तो क्रमांक लावून प्रश्न पाठवला. त्याला उत्तर आलं नाही. ते आधीच आलेलं होतं.

मी खुर्चीत मागे टेकून बसले. माझ्या हाताशी आता एकही कारण उरलं नव्हतं. एकेक कारण मीच निपटून काढलं होतं, आणि शेवटचं तर फार हुशारीने.

तेवढ्यात स्क्रीनवरची नाडीची रेघ उसळली. शांत, सारख्या लाटा चालल्या होत्या, त्यात एकदम तीन-चार उंच आणि घाईच्या आल्या. मी लो दादांकडे वळून बघितलं. ते गाढ झोपले होते. घोरणं चालू होतं, पाठ एका लयीत वरखाली होत होती. स्वप्न पडलं असेल, असं मी मनात म्हणते आहे तोच दाराजवळच्या टेबलावरचा फोन वाजला.

झोपेच्या तासात तो कधी वाजत नाही. नवा कुरियरवाला असणार. लो दादा दचकून अर्धे उठले, खाट करकरली, त्यांनी छातीवर हात ठेवला आणि डोळे न उघडता पुटपुटले, “कोण मेलंय का?” मग पुन्हा आडवे झाले.

मी स्क्रीनकडे बघितलं. रेघ केव्हाच शांत झाली होती.

४

लो दादांना मी ते जिन्यात सांगितलं. दोन मजल्यांच्या मधे सिगारेटवाले उभे राहतात तिथे. लो दादांनी सिगारेट सोडून बरीच वर्षं झाली, पण गार चहाचा पेला घेऊन ते अजून तिथेच जातात.

सगळं ऐकून त्यांनी पेल्यातला बर्फ हलवला. “किती आधी येतंय?”

“फोनच्या वेळी एक श्वास घ्यावा इतकं. पहिल्या दिवशी त्याहून पुष्कळ कमी होतं.”

“म्हणजे वाढतंय.”

“हो.”

“मग लॉटरीचे आकडे विचारून घे की त्याला. शेत भावाचं कशाला, माझंच घेऊन टाकतो.”

“त्याला नाडीशिवाय काही कळत नाही, दादा.”

“अगदी बापावर गेलाय,” ते म्हणाले आणि स्वतःच हसले. मीही हसले. मग ते हसायचे थांबले, पण पेला हलवत राहिले. “फेन, तुझं काय म्हणणं आहे?”

“चूक आहे कुठेतरी. मला सापडत नाहीये.”

“तू अठरा वर्षं माझ्या शेजारी बसतेस. तुला सापडली नाही अशी चूक मी तरी बघितलेली नाही.”

मला त्यांचा राग आला. धीर द्यायला म्हणाले होते, तरीही आला. मी म्हटलं, “दुसऱ्या कुणाचं तरी बोट घेऊ.”

“कुणाचं? लियावचं? तो झोपेत लाथा मारतो.” मग जरा थांबून म्हणाले, “आणि बोट बदलून काय होणार? ते आधीच सांगत असेल, तर त्याचंही आधीच सांगेल. मला निदान सांगून तरी ठेवलंयस.”

त्यांना त्या चिमट्याचं फार कौतुक होतं. विशेषतः एका गोष्टीचं, जी त्यांनी स्वतः भांडून घालून घेतली होती. बाजारातले बहुतेक चिमटे नाडी मिळाली नाही की नुसत्या आडव्या रेघा दाखवतात. चिमटा बोटावरून निसटला तरी त्याच रेघा, आणि माणूस गेला तरी त्याच. लो दादांचा चिमटा दोन वेगळे निरोप देतो. एक, ‘बोट नाही’. दुसरा, ‘बोट आहे, नाडी नाही’. “नर्सने सावकाश जाऊन चिमटा बसवायचा की चपला टाकून धावायचं, हे तिला खोलीतच कळायला नको?” असं ते प्रत्येक मीटिंगला म्हणायचे. लियाव साहेबांना ते पाठ झालं होतं.

५

लियाव साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांची अडचण साधी होती. वृद्धाश्रमवाल्यांची माणसं चिमटा बघायला येणार होती आणि येताना स्वतःचा तपासनीस आणणार होती. नोंदीत उत्तर वर आणि प्रश्न खाली दिसला असता तर तो माणूस तिथूनच परत फिरला असता.

“फेन ताई, कारण मागाहून शोधा,” ते म्हणाले. “आधी क्रम तेवढा सरळ करा. उत्तर लवकर येतंय ना? मग प्रश्न त्याच्याही आधी पाठवा.”

ऐकायला हे वेडेपणाचं वाटेल, पण आम्ही हे एरवीही करतो. एकेक प्रश्न विचारत बसण्यापेक्षा पाच-दहा प्रश्नांची चळत आधीच यंत्राकडे देऊन ठेवायची. ते एकेक उचलून उत्तर देत राहतं आणि मधे एकही ठोका निसटत नाही. कुठलाही ड्रायव्हरवाला तुम्हाला सांगेल की ही चांगली सवय आहे. मी फक्त चळत वाढवली. आधी थोडी, मग आणखी थोडी.

आणि क्रम सरळ झाला. प्रत्येक प्रश्न वर, प्रत्येक उत्तर खाली, मधे नीटस अंतर. तपासनीस आला, पेटी लावली, मान हलवली, आणि आमच्या खर्चाने पोटभर जेवून गेला. लियाव साहेबांनी सगळ्यांना चहा मागवला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, मलाही आनंद झाला. इतके दिवस मानेवर बसलेलं काहीतरी उतरल्यासारखं वाटत होतं.

लो दादांनी चहात नळी खुपसली आणि खुर्ची माझ्याकडे ओढली. “छान झालं. आता एक सांग. ही जी नाडी दिसतेय, ती कधीची?”

“आत्ताची.”

“कशावरून?”

मी नोंद पुन्हा वर सरकवून बघितली. क्रम सरळ दिसत होता, एवढंच मला माहीत होतं. आधी ते यंत्र माझ्या प्रश्नाची वाट न बघता बोलत होतं. आता मी त्याला पुढचं पुढचं विचारून ठेवत होते आणि ते सांगत होतं. किती पुढचं, हे मोजायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. तो फरकच तर मी नोंदीतून पुसून टाकला होता.

“उद्या बघते,” मी म्हटलं.

“बघ. घाई नाही,” ते म्हणाले. “कांदे काही पळून जात नाहीत.”

६

दुसऱ्या दिवशी मी चळत मुद्दाम मोठी ठेवली. झोपेच्या पूर्ण तासाला पुरतील एवढे प्रश्न एकदम द्यायचे आणि बघायचं, एवढाच विचार होता. दिवे गेले. लो दादांनी चिमटा लावला, उशी थोपटली, आणि फ्रीजच्या आवाजात त्यांचं घोरणं मिसळलं.

मी चळत पाठवली. उत्तरं एकेक यायला हवी होती, तासभर. ती सगळी एकदम आली. हजेरीपटावरचं पहिलं नाव घ्यावं आणि सगळ्या वर्गाने एका आवाजात ओ द्यावी तशी. क्रमांक बरोबर होते. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एकही चुकलेला नव्हता. तास सुरू व्हायच्या आत पूर्ण तासाची नाडी माझ्यासमोर पडली होती.

मला ती बघायची नव्हती. हे मला स्वच्छ आठवतं, बोट माऊसवर होतं आणि मनात मी म्हणत होते, बंद कर आणि चहा प्यायला जा. पण मी जन्मभर नोंदीच वाचत आले आहे. समोर नोंद असली की शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय मला राहवत नाही.

लाटा शांत होत्या. पुढे सरकवलं, शांतच होत्या. मग एके ठिकाणी खूप हालचाल, उसळी, आणि त्यानंतर काही वेळ ‘बोट नाही’, ‘बोट नाही’. हे काय ते मला कळेना. पुढे बराच वेळ तेच. तास संपत आला तिथे पुन्हा बोट आलं होतं. पण लाट आली नव्हती. तिथून शेवटपर्यंत प्रत्येक उत्तरात एकच निरोप होता. बोट आहे, नाडी नाही. बोट आहे, नाडी नाही.

मला पुढचं काही सुचलं नाही. मी उठले, खाटेपाशी गुडघे टेकले आणि लो दादांच्या बोटावरचा चिमटा ओढून काढला. ते धडपडत उठले.

“काय गं? काय झालं? आग लागली का?”

“हळू बोला,” मी म्हटलं. सगळे झोपले होते. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यावर आता बोट नसल्याची खूण दिसत होती आणि शेजारी ती नोंद. त्यांनी चष्मा शोधला. समजावून सांगायची गरज नव्हती, निरोपाचे शब्द त्यांनीच ठरवले होते.

त्या उजेडात त्यांचा चेहरा मला फार म्हातारा वाटला. अठरा वर्षांत तो मी कधी इतक्या जवळून बघितला नव्हता.

“ही उसळी म्हणजे तू मला उठवलंस ती,” ते कुजबुजले.

“हो.”

“आणि नंतर बोट नाही. बरोबर. आणि मग म्हणतंय, बोट आहे.” त्यांनी चिमटा माझ्या हातातून घेतला, तार उपटली, आणि दोन्ही वस्तू माझ्या खणात टाकून खण बंद केला. “मग बोटच घालायचं नाही. झालं! एवढं काय त्यात?”

“दादा, आपण दवाखान्यात जाऊ.”

“मला काही होत नाहीये.”

“मला होतंय. माझ्यासाठी चला.”

“सातव्या महिन्यात? पितरं रस्त्यावर फिरतायत आणि तू मला दवाखान्यात नेतेस? बायकोला कळलं तर ती तुला सोडणार नाही.”

“मी येते ना त्यांच्या शिव्या खायला.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, माझी दया आली म्हणूनच ते उठले. अंधारात खाटांमधून वाट काढत आम्ही बाहेर आलो. बोलावल्याबरोबर लिफ्ट आली.

७

टॅक्सीत ते खुशीत होते. कामाच्या वेळी बाहेर पडल्यावर शाळेला दांडी मारल्यासारखं वाटतं, असं म्हणाले. मी त्यांना विचारत होते, छातीत दुखतंय का, हात जड झालाय का, आणि ते प्रत्येक वेळी नाही म्हणत होते. मला रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं. प्रत्येक वळणाबरोबर तो खण मागे पडत होता.

तातडीच्या विभागात गर्दी नव्हती. सातव्या महिन्यात लोक येणं टाळतात. मी त्यांचं विम्याचं कार्ड दिलं आणि सांगितलं, यांच्या हृदयाचं काहीतरी आहे, लगेच बघा. हृदय म्हटल्यावर त्यांनी लो दादांना चाकाच्या पलंगावर बसवलं. एक तरुण नर्स छोटं यंत्र ढकलत घेऊन आली.

“बोट द्या, आजोबा.”

“आजोबा कुणाला म्हणतेस? काका म्हण,” लो दादा म्हणाले, आणि बोट दिलं.

मला ओरडायला वेळ मिळाला असता. पण मला तेव्हा कळलंच नाही. नंतर कळलं. दवाखान्यात शिरल्यावर माणसाला सगळ्यांत आधी काय लावतात, हे त्या शहरात आम्हा दोघांइतकं क्वचितच कुणाला माहीत असेल. तरी ते आमच्या एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

“फेन, बघ बघ!” ते आनंदाने म्हणाले. “हा माझाच की! जुना. दहा-बारा वर्षांपूर्वीचा. अजून चालवतायत बिचारे.” त्यांनी चिमटा लावलेलं बोट माझ्यापुढे नाचवलं. “याच्यात दोन निरोप नव्हते हं. तेव्हा मला कुणी ऐकत नव्हतं.”

यंत्राची स्क्रीन माझ्या बाजूला होती. तिच्यावर आडव्या रेघा होत्या.

नर्सने बघितलं, चिमटा काढला, पुन्हा बसवला, जरा दाबला. रेघा तशाच राहिल्या. “नीट बसत नाहीये वाटतं,” ती म्हणाली. “दुसरा आणते हं, काका.” ती गेली. तिच्या चपलांचा आवाज सावकाश दूर गेला.

चिमटा नीट बसला होता. लाल उजेड बोटातून आरपार येत होता आणि नखाखाली पसरला होता. यंत्र जुनं होतं, तार झिजलेली असू शकत होती, आतला दिवा मंद झालेला असू शकत होता. मी कारणं मोजत होते. आमच्या हातची एखादी वस्तू बिघडलेली निघावी असं मला आयुष्यात कधी इतकं वाटलं नव्हतं.

“किती दाखवतंय?” लो दादांनी विचारलं.

मी त्यांचं दुसरं मनगट धरलं. ते गरम होतं. अंगठ्याखाली ठोका लागत होता, चांगला, ठसठशीत.

“बहात्तर,” मी म्हणाले.

“बघ! उगाच घाबरवलंस म्हाताऱ्याला.” ते उशीला टेकले आणि पाय लांब केले. “पण बरं झालं आलो ते. आता घरी सांगता येईल, तपासून घेतलंय म्हणून. लियावचं दिवाळं निघायला नको म्हणून थांबलोय, नाहीतर पुढच्या महिन्यातच निघालो असतो. रोपं भावाने करून ठेवलीत. तुला सांगतो, तिकडची पात इथल्यासारखी नसते. गोड असते. नुसत्या मिठाबरोबर खावी. पहिली कापणी झाली की मी स्वतः घेऊन येणार. एक जुडी तुला, एक लियावला, आणि एक...”

तिसरी जुडी कुणाला ते आठवायला ते थांबले. त्यांच्या मनगटावरची बोटं न काढता मी घड्याळाकडे बघितलं, झोपेचा तास संपत आला होता.